जयपूरच्या मातीतून वर आलेला बर्क

आज एका पुतळ्यापासून सुरुवात करतो. २००७ साली जयपूरच्या अल्बर्ट हॉलच्या आवारात खोदकाम झालं आणि जमिनीतून नऊ फुटी लोखंडी साहेब बाहेर आला. स्वातंत्र्याच्या वेळी पुरलेला हा पुतळा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांचा. सवाई रामसिंह महाराजांनी तो उभारला होता.

मीही मेयोंना इंग्रजच समजत होतो. पण ते जन्मले डब्लिनला. 'मेयो' हे आडनावही नाही, तो आयर्लंडमधला एक जिल्हा. आडनाव बर्क, मूळ 'द बर्ग'.

हे घराणं नॉर्मन. १०६६ साली फ्रान्सच्या किनाऱ्यावरून येऊन ज्यांनी इंग्लंड जिंकलं, तेच नॉर्मन शंभर वर्षांनी आयर्लंडमध्ये उतरले. ११८५च्या सुमारास विल्यम द बर्ग आला. त्याच्या मुलाने पश्चिमेचा कॅनॉट प्रांत जिंकला. दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमुळे हे नाव आपल्या कानावरचं आहे.

खरी कलाटणी १३३३ची. घराण्याचा प्रमुख आपल्याच माणसांकडून मारला गेला. मागे उरली एक तान्ही मुलगी. इंग्रजी कायद्याने सगळी जहागीर तिची, म्हणजे उद्या तिच्या नवऱ्याची. पुढे तिचं लग्न झालं तेही इंग्लंडच्या राजपुत्राशी! आयरिश रिवाजात मात्र मुलीला जमिनीचा वारसा नव्हता. भाऊबंदांनी कॅनॉटची जमीन बळकावली, आयरिश कायदा धरला, आयरिश भाषा आणि पेहरावही उचलला. 'द बर्ग'चे 'बर्क' झाले.

वतनासाठी भाऊबंदकी आपल्याला नवी नाही. इथे तिच्यापायी आख्खं घराणं आयरिश झालं.

सोळाव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा जोर वाढला, तेव्हा याच बर्कांनी त्याच्याकडून किताब घेतले. १७८५ साली एका शाखेला 'अर्ल ऑफ मेयो' ही पदवी मिळाली. तिचे सहावे धनी १८६९ साली व्हाइसरॉय म्हणून कलकत्त्यात आले. ८ फेब्रुवारी १८७२ रोजी पोर्ट ब्लेअरला शेर अली आफ्रिदी या कैद्याने त्यांना भोसकून ठार केलं.

परके आपले कधी होतात, असं मला नेहमी विचारलं जातं. मी उलट विचारतो: त्यांची जमीन कोणत्या कायद्याने टिकत होती? बर्कांच्या बाबतीत तरी निष्ठा त्याच कायद्यामागे चालत गेली.