शरीफजी : शहाजीच्या पाठच्या भावाचे नाव

आपल्या खटाव-माण भागात शहाजी हे नाव कानावर आले नाही असा माणूस सापडणे कठीण. शरीफ हे नावही आपल्या समाजाला नवे नाही. शरीफ, महंमद शरीफ, मुलगी झाली तर शरीफा, ही नावे आपल्या घरांतून चालत आलेली आहेत. परंतु ही दोन्ही नावे एकाच नावाची दोन शकले आहेत, ही गोष्ट शहाजी नावाच्या मुलालाही ठाऊक नसते आणि शरीफ नावाच्या मुलालाही नसते. वडूजच्या शाळेत हे दोघे एका बाकावर बसत असतील. त्यांपैकी एकाचे नाव इथले आणि दुसऱ्याचे बाहेरचे, असे कोणी म्हटले तर कदाचित दोघांनाही ते खरे वाटेल. म्हणून आज आपणांस शरीफजी या नावाची हकीकत सांगावयाची आहे. शहाजी हे नाव गावोगाव पसरले; त्याच्याच पाठचे शरीफजी मात्र इतके दुर्मिळ झाले की इतिहासाच्या पुस्तकाबाहेर ते सहसा भेटत नाही.

सोळाव्या शतकाच्या अखेरच्या काळात वेरूळचे मालोजीराजे भोसले हे अहमदनगरच्या निजामशाहीत सरदार होते. त्यांच्या पत्नी उमाबाई. काही ठिकाणी त्यांचे नाव दीपाबाई असेही दिलेले आढळते. त्या फलटणच्या नाईक-निंबाळकरांच्या कन्या, म्हणजे आपल्याच जिल्ह्याची लेक. लग्नाला बरीच वर्षे झाली तरी पोटी संतान नव्हते. परंपरा असे सांगते की, मालोजी-उमाबाईंनी अनेक देवस्थानांना साकडे घातले आणि अखेर नगरचे सत्पुरुष शाह शरीफ यांच्या दर्ग्यात नवस केला. पुढे एकामागून एक असे दोन पुत्र झाले. नवस फेडावयाचा तर पिराचे नाव मुलास द्यावयाचे. पण मुले दोन आणि पीर एक. मालोजींनी त्या नावाची सरळ वाटणी केली. थोरल्यास दिले ‘शाह’, धाकट्यास ‘शरीफ’. दोहोंपुढे आपल्या मराठीतला ‘जी’ लावला. मालोजी, विठोजी, तसेच शहाजी आणि शरीफजी.

शाह शरीफांचा हा दर्गा अहमदनगर शहरालगत दर्गा दायरा येथे आजही आहे. (या शहराचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे.) तेथे हिंदू-मुसलमान दोघेही जातात.

आपल्यापैकी एखाद्यास वाटेल की मालोजींचा आपल्या कुलदैवतावर विश्वास कमी असावा. तसे मुळीच नाही. वडूजहून दहिवडीमार्गे शिखर शिंगणापुरास गेलात तर शंभूमहादेवाच्या यात्रेकरूंच्या पाण्यासाठी बांधलेला मोठा तलाव दिसेल. तो मालोजींनी बांधविला असे सांगतात. वेरूळच्या घृष्णेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धारही त्यांच्याच नावावर आहे. एकाच माणसाने महादेवासाठी तलाव बांधावा आणि पिराचे नाव मुलांना द्यावे, यात त्या काळच्या कोणालाही विसंगती दिसली नाही. आम्हालाही दिसत नाही.

आता नावाच्या अर्थाकडे वळू. शाह हा शब्द फारसी आहे. त्याचा मूळ अर्थ राजा. सूफी मंडळींनी तो आपल्या सत्पुरुषांना लावला, कारण ज्याने आपल्या मनावर राज्य मिळविले तोच खरा बादशाह, अशी त्यांची धारणा. मराठीच्या जिभेवर ‘शाह’चा ‘शहा’ झाला. आदिलशहा, निजामशहा म्हणतो तसा. शरीफ हा शब्द अरबी आहे. शरफ म्हणजे उंची, प्रतिष्ठा, मानमरातब. ज्याच्या अंगी ते आहे तो शरीफ. पैगंबरसाहेबांचे नातू हजरत हसन यांच्या वंशजांना शरीफ ही पदवी असे आणि मक्केचा कारभार कित्येक शतके अशा शरीफांकडेच होता. कुराण शरीफ, मक्का शरीफ असे आपण म्हणतो तो हाच शब्द. शराफत, तशरीफ, अश्रफ, मुशर्रफ ही सारी त्याचीच भावंडे. इतकेच काय, अशरफी नावाची सोन्याची मोहर आहे, तिचे नावही इजिप्तच्या अश्रफ बर्सबाय या सुलतानाच्या नाण्यावरून आलेले आहे. मात्र विद्यार्थ्यांनी एक ध्यानात ठेवावे: आपल्या बाजारपेठेतला सराफ या कुळातला नव्हे. त्याचा अरबी धातू वेगळा असून त्याचा संबंध नाण्यांच्या अदलाबदलीशी आहे. शरीफ आणि सराफ दोन्ही एका ठिकाणी सापडले तर ती नशिबाची गोष्ट समजावी!

मालोजी इंदापूरच्या लढाईत पडले तेव्हा दोन्ही मुले लहान होती. चुलते विठोजी यांनी त्यांना वाढविले. मोठेपणी दोघे भाऊ निजामशाहीचा हबशी वजीर मलिक अंबर याच्या फौजेत लढू लागले. १६२४ साली दिल्लीचे मोगल आणि विजापूरचे आदिलशाही सैन्य एकत्र होऊन निजामशाहीवर चालून आले. नगरपासून जवळच असलेल्या भातवडी येथे मलिक अंबराने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीत पाणी सोडले, गनिमी काव्याने त्यांना जेरीस आणले आणि मोठा विजय मिळविला. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त या लढाईचे वर्णन आहे. शहाजींचे नाव भातवडीनेच दक्षिणेत दुमदुमले. शरीफजी मात्र त्याच रणांगणावर कामी आले. त्यांची समाधी त्या गावी, म्हणजे आजच्या भातोडीस, आहे.

नावांच्या भाग्याचा उलगडा या एका दिवसात होतो, असे आमचे मत आहे. शहाजी पुढे चाळीस वर्षे जगले. १६३३ मध्ये त्यांनी पेमगिरीवर निजामशाहीच्या बालराजास गादीवर बसवून त्याच्या नावाने कारभार केला, नंतर बंगळूरची जहागीर सांभाळली, आणि २३ जानेवारी १६६४ रोजी कर्नाटकात होदिगेरेजवळ शिकारीत घोड्यावरून पडून त्यांचा अंत झाला. एक पुत्र शिवाजी, दुसरा पुत्र एकोजी. एकाने स्वराज्य उभारले, दुसऱ्याने तंजावर घेतले. आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत आहे. त्या रीतीने शहाजी हे नाव गादीवरून गादीवर गेले. कोल्हापूरचे बुवासाहेब महाराज शहाजीच. ते १८३८ मध्ये वारले. साताऱ्याचे शेवटचे छत्रपती आप्पासाहेब, ज्यांच्या अमलाखाली १८३९ ते १८४८ पर्यंत हा मुलूख होता, तेही शहाजी. राजवाड्यातले नाव वाड्यावर आले, वाड्यावरचे नाव वस्तीवर आले. शरीफजींचे नाव पुढे नेण्यास गादीही नव्हती आणि दीर्घ आयुष्यही नव्हते. नावाचा अर्थ चांगला असला म्हणजे ते चालते, असे समजणाऱ्या पालकांनी हे पाहावे. अर्थाच्या दृष्टीने शरीफ तसूभरही कमी नाही. पण नाव चालते ते माणसामागून.

पिराच्या नावावरून ठेवलेली दुसरी नावे आपल्या भागात टिकली, हेही येथे नमूद केले पाहिजे. कागलच्या घाटग्यांच्या घराण्यात पिराजीराव हे नाव आहे. राजर्षी शाहू महाराजांचे धाकटे बंधू पिराजीराव ऊर्फ बापूसाहेब घाटगे हे होत. कागलचा गैबी पीर सर्वांना माहीत आहेच. कोल्हापूरचे शाहीर पिराजीराव सरनाईक यांचे नावही तेच. आणि सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांची १९५९ ची कादंबरी ज्याच्या नावाने गाजली तो फकिरा! फकीर या अरबी शब्दाला मराठी आईने लाडाने लावलेला तो आकार आहे. मूल जगावे म्हणून त्यास मोहरममध्ये फकीर करण्याचा नवस कित्येक हिंदू घरांत होता, हे जुन्या माणसांना विचारल्यास ती सांगतील.

मग शरीफजी हे नाव पुरते बुडाले काय? नाही. ते महाराष्ट्रात बुडाले आणि पाचशे कोसांवर वर आले. एकोजीराजांना तंजावरास तीन पुत्र झाले: शहाजी, सरफोजी आणि तुकोजी. त्यांनी अनुक्रमे १६८४, १७१२ व १७२८ मध्ये राज्य हाती घेतले. पहिल्या दोन नावांची जोडी पाहा. एकोजींनी थोरल्या मुलास आपल्या वडिलांचे नाव दिले आणि दुसऱ्यास भातवडीस पडलेल्या आपल्या चुलत्याचे. सरफोजी म्हणजे आपले शरीफजीच. नगरच्या पिराचे नाव पुन्हा एकदा दोन सख्ख्या भावांत वाटले गेले, आणि या वेळी दोघेही राजे झाले.

परमुलखात नावाचे रूप मात्र पालटले. तमिळ लिपीत ‘फ’ला स्वतंत्र अक्षर नाही, तेथे प, फ, भ एकाच अक्षराने लिहितात. त्यामुळे सरफोजीचे सरभोजी झाले. दरबारच्या पंडितांना त्यात ‘शरभ’ दिसला. शरभ म्हणजे पुराणातला सिंहाहूनही बलाढ्य असा प्राणी, शिवाचेच एक रूप. झाले! शरीफजींचे शरभोजी, आणि काव्यात शरभेंद्र. अरबी नावास संस्कृत शालजोडी पांघरली गेली, आणि ती इतकी शोभली की आतले अंग कोणास दिसेना.

तंजावरचे दुसरे सरफोजी (१७७७–१८३२) हे तर विद्येचे मोठे भोक्ते. १७९८ मध्ये ते गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी इंग्रज कंपनीने राज्य काढून घेतले. किल्ला आणि तनखा तेवढा राहिला. या राजाने तनखा पुस्तकांवर आणि शाळांवर खर्च केला. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी भरभराटीस आणले, नेत्ररोग्यांची चित्रांसह टिपणे ठेवविली, आणि देवनागरी छापखाना काढून १८०६ मध्ये इसापाच्या गोष्टी मराठीत छापविल्या. पेशवाई अजून पुण्यास नांदत होती आणि तेथे मराठी छपाईचा पत्ता नव्हता, तेव्हाची ही गोष्ट! वैद्यकावरील तमिळ ग्रंथांना त्यांच्या नावावरून शरभेंद्र वैद्य हे नाव मिळाले. याच घराण्यातील प्रतापसिंह (१७३९–१७६३) यांनी पुत्रप्राप्तीचा नवस फळला म्हणून नागोरच्या दर्ग्यास सुमारे १३१ फुटांचा मिनार बांधून दिला, असे तेथे सांगतात. मालोजींचा शिरस्ता दीडशे वर्षांनी कावेरीकाठी चालूच होता.

सरफोजींचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये वारले आणि तंजावरची गादी संपली. त्यानंतर हे नाव कोण्या राजाला लागले नाही. पण १९५५ मध्ये तंजावरास सरकारी महाविद्यालय निघाले, त्यास राजा सरफोजी यांचे नाव देण्यात आले. नगरच्या शाह शरीफांचे नाव, उमाबाईंच्या धाकट्या मुलाचे नाव, तेथील मुले-मुली आपल्या प्रवेशअर्जावर तमिळ अक्षरांत लिहीत असतात.