नाका आहे, पावती नाही

भिवंडीत रिक्षातून धामणकर नाक्यावर उतरलात की डोक्यावरचं मेट्रोचं काम तेवढं नजरेआड करा. ठाण्याकडून येणाऱ्या मेट्रो ५ चा पहिला टप्पा इथे संपतो, पण आपण मागे चाललोय त्या २०१० सालात इथे खांब नव्हते. बाकी सगळं ओळखीचं आहे. खड्ड्यांतलं पाणी, ताडपत्रीखाली कोऱ्या कापडाचे तागे घेऊन अडकलेला टेम्पो, आणि पद्मानगरच्या बाजूने येणारा यंत्रमागांचा खडखडाट. इथल्या माणसाला तो ऐकू येत नाही. तो थांबला तरच ऐकू येतो.

तारीख १ जुलै २०१०. आजपासून देशात कोळशावर टनाला ५० रुपये उपकर लागू झालाय. फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात प्रणव मुखर्जींनी तो जाहीर केला होता. नाव ‘स्वच्छ ऊर्जा उपकर’. कार्बन कर म्हणायचं सरकारने टाळलं, पण जात तीच: जाळाल त्या टनामागे भरा. नाक्यावर याची कोणालाही खबर नाही. गंमत बघा, नाका म्हणजे मुळात जकात घ्यायची जागा. तिथे पैसे घेणारा समोर दिसायचा, त्याच्याशी हुज्जत घालता यायची आणि पावती मिळायची. आज लागलेल्या कराला नाका नाही.

गल्लीत शिरा. पत्र्याचा कारखाना, आत २४ माग. दारातच कानठळ्या बसतात. धोटा उजवीकडे जातो, डावीकडे येतो, आणि दर फेरीला एक आडवा धागा पडतो. तो पिक. व्यापारी सूत देतो, कारखानदार विणून देतो, आणि मजुरी ठरते पिकावर, पैशांत. मागावरचा माणूस उत्तर प्रदेशातला आहे, त्याची मजुरी मीटरवर. भुवयांवर सुताची पांढरी लव बसलीय. तुम्ही काही विचारलंत तर तो ओठांकडे बघून समजून घेतो, आवाजाची वाट बघत नाही.

इथे फार थांबू नका. विजेच्या युनिटमागे या उपकराचं साडेतीन पैशांचं ओझं कोणाला जाणवणार?

आता ३१ मार्च २०१७ च्या संध्याकाळी त्याच कारखान्याच्या टेबलाशी या. काचेखाली देवाचा फोटो, वर विजेचं बिल. २००७ पासून भिवंडीत वीज वाटण्याचं काम खाजगी कंपनीकडे आहे, देशातली अशी ही पहिलीच फ्रँचायझी. दर मात्र वीज नियामक आयोगाचेच. बिलावर बोट फिरवा: वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क. कोळशाचा उपकर शोधा. सापडणार नाही. तो वीज आकाराच्या आणि इंधन समायोजनाच्या पोटात आहे.

हिशेब तुम्हीच करा, कारखानदाराला फुरसत नाही. मधल्या काळात उपकर ५० चा १०० झाला, मग २००, आणि २०१६ मध्ये ४००. नावही बदलून ‘स्वच्छ पर्यावरण उपकर’ झालं. चंद्रपूरसारख्या औष्णिक केंद्रात एका युनिटला साधारण सातशे ग्रॅम कोळसा जळतो. टनाला ४०० म्हणजे किलोला ४० पैसे, म्हणजे युनिटला २८ पैसे. मागाला एक अश्वशक्तीची मोटर, बारा तासांच्या दोन पाळ्या, २४ माग. तुटलेला धागा, संपलेली कांडी, गेलेली वीज वजा जाता दिवसाला साडेतीनशे युनिट धरा. त्यातली पाण्याची, वायूची, तारापूरची अणुवीज बाजूला काढली तरी दिवसाला सत्तर-पंच्याहत्तर रुपये होतात. महिन्याला दोन हजारांच्या आसपास. राज्य सरकार यंत्रमागाला वीजदरात सवलत देतं, तिच्यासाठी इथले लोक मुंबईला खेटे घालतात. मुंबई देते त्यातलं थोडं दिल्ली परत घेते, आणि दोघींनाही एकमेकींचा पत्ता नसतो.

चहा येतो. कारखानदाराचा भाचा कॉलेजात शिकतो, त्याला हा कर पटलाय.

“मामा, धूर करेल त्याने भरावं, यात चूक काय?”

“धूर चंद्रपूरला, बिल भिवंडीला. मी काय चिमणी लावलीय का?”

“पण वीज तुम्हीच वापरता ना?”

“वापरतो. मग व्यापाऱ्याला सांग, पिकाला दोन पैसे वाढव म्हणून. तो म्हणतो, नको तर नको, माल मालेगावला देतो.”

मागावरचा माणूस कप घ्यायला आलाय. तो हळूच विचारतो, “शेठ, मीटरचा भाव वाढवणार होतात ना, दिवाळीपासून?”

शेठ बिलाकडे बोट दाखवतात. कार्बन कर कोणी भरायचा, या वादाचा भिवंडीतला निकाल एवढाच आहे. ज्याला पुढे ढकलता येतो तो ढकलतो. शेवटी उभा असतो त्याच्यामागे भिंत असते. भाच्याचं तत्त्व मला मान्य आहे. कोळसा स्वस्तात जाळायला देणं म्हणजे चंद्रपूरकरांच्या फुप्फुसांतून सवलत देणं. पण तत्त्व बरोबर असलं म्हणून वसूल झालेला पैसा कुठे गेला, हे विचारायचं राहू नये.

तर विचारूया. दुसऱ्याच दिवशी, १ एप्रिल २०१७ ला, केंद्रीय वस्त्रोद्योगमंत्री स्मृती इराणी भिवंडीत येतात आणि ‘पॉवरटेक्स इंडिया’ योजनेचा प्रारंभ करतात. त्यात छोट्या यंत्रमागधारकांसाठी सौरऊर्जेचं अनुदान आहे. अगदी हेच हवं होतं! कोळशावर कर घ्या आणि त्या पैशातून मागावर ऊन आणा. मग आकडा ऐका: सगळ्या देशाच्या यंत्रमागांसाठी, तीन वर्षांना, सगळ्या बाबी मिळून ४८७ कोटी. कोळशाच्या उपकरातून २०१० ते २०१८ या काळात जमा झाले सुमारे ८६,४४० कोटी. त्यातले स्वच्छ ऊर्जा निधीत पोचले २९,६४५ कोटी, आणि प्रकल्पांवर लागले १५,९११ कोटी. बाकीचे सरकारी तिजोरीत मिसळले. शिवाय पत्रा कोणाचा, हा प्रश्न आहेच. इथले कितीतरी कारखाने भाड्याच्या जागेत आहेत. छपराचा मालक वेगळा, बिल भरणारा वेगळा.

तीन महिने पुढे सरका. १ जुलै २०१७, जीएसटी. स्वच्छ पर्यावरण उपकर रद्द झाला, अशी बातमी आहे. मागचं पान उलटा: टनाला ४०० रुपये तसेच आहेत, फक्त आता त्यांना ‘भरपाई उपकर’ म्हणतात. जीएसटीमुळे राज्यांचं उत्पन्न बुडालं, ते भरून काढायला. ज्या पैशाच्या नावात निदान ‘स्वच्छ’ होतं, त्याच्या नावातूनही ते गेलं. नाक्यावर त्या दिवशी सगळे कापडावरच्या पाच टक्क्यांबद्दल बोलत होते. कोळशाचं नाव कोणी काढलं नाही.

आता शेवटचा थांबा, २२ सप्टेंबर २०२५. भरपाई उपकर कोळशावरून उठला आणि जीएसटी ५ चा १८ टक्के झाला. टनाला १,५०० रुपयांच्या हलक्या कोळशावर आधी ४७५ रुपये पडत, आता २७० पडतात. ५,००० रुपयांच्या चांगल्या कोळशावर ६५० चे ९०० झाले. वजनावरचा कर किमतीवर गेला की असं होतं: जास्त राखेचा, एका युनिटला जास्त जाळावा लागणारा कोळसा सुटला, आणि चांगल्यावर बोजा चढला. पंधरा वर्षांत कार्बन कराचं जे थोडंफार हाड उरलं होतं, तेही मोडलं. आणि वीज जीएसटीच्या बाहेर असल्यामुळे वीजकंपनीला कोळशावर भरलेल्या १८ टक्क्यांची वजावट मिळत नाही. ते विजेच्या दरातच उतरतात.

नाक्यावर परत या. युरोपने १ जानेवारी २०२६ पासून परक्या पोलाद-सिमेंटवर कार्बनचं शुल्क सुरू केलंय. कापड अजून त्या यादीत नाही. आपल्याकडच्या कार्बन बाजाराच्या यादीत मात्र वस्त्रोद्योग आहे. कार्बनचा कर कोणी भरायचा, त्या वादात भिवंडीच्या वतीने बोलायची वेळ आली, तर या महिन्याचं बिल सोबत न्या. वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क. कोळशावरच्या कराची ओळ त्यावर आजही नाही.