मंगळाच्या हवेचा हिशेब

१९६५ च्या जुलैत मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेले, तेव्हा कॅलिफोर्नियातील जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेच्या हाती आधी चित्र नव्हे, तर आकडे आले. आणि एकेका चित्राचे आकडे पुरते उतरून घ्यायला आठ तासांहून अधिक वेळ लागत असल्यामुळे, यंत्र चित्र सिद्ध करीपर्यंत ज्यांना धीर धरवेना अशा अभियंत्यांनी आकडे छापलेल्या कागदी पट्ट्या भिंतीवर शेजारी शेजारी लावल्या आणि प्रत्येक आकड्याबरहुकूम रंगीत खडू फिरवून मंगळाची कड हातांनी उमटविली.

त्या पट्ट्यांहूनही मला मोलाची वाटते ती त्याच यानाची दुसरी नोंद. यान मंगळाआड जाताना त्याच्या रेडिओलहरी तेथील हवेतून किंचित वाकून आल्या, आणि त्यांच्या कंप्रतेत पडलेल्या सूक्ष्म फरकावरून गणित मांडले असता मंगळपृष्ठावरील दाब अवघा ४ ते ७ मिलिबार भरला. पृथ्वीवर तो हजाराच्या घरात असतो, आणि ज्योतिर्विद त्याआधी कित्येक वर्षे मंगळासाठी ८५ च्या आसपासचा आकडा धरून चालले होते! एवढ्या विरळ हवेत छत्रीने यान उतरविण्याचे बेत अर्थातच नव्याने आखावे लागले.

पुढल्याच वर्षी लेटन आणि मरे या शास्त्रज्ञांनी उष्णतेचा जमाखर्च मांडून दाखविले की, ध्रुवावरील शुभ्र टोपी गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडची असावी आणि ऋतूंबरोबर हवाच गोठत आणि पुन्हा वायुरूप होत असावी. गणिताने हवेचा वेध घेण्याची वाट मात्र जुनी होती. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिकेच्या पथकात राबत असताना हवामानशास्त्रज्ञ रिचर्डसनने सहा तासांच्या हवामानाचे गणित हाताने सोडविले होते, आणि त्याचे उत्तर साफ चुकले होते. पण पद्धत खरी होती, आणि तिच्याच वंशातले, मिंट्झ व अराकावा यांनी पृथ्वीसाठी रचलेले संगणकीय प्रारूप १९६९ मध्ये लिओव्ही आणि मिंट्झ यांनी मंगळाला लावले. समुद्र वगळले, गुरुत्व घटविले, हवा कार्बन डायऑक्साइडची केली. आणि हिवाळी ध्रुवावर ती हवा गोठू लागल्याचे त्या दोनच थरांच्या प्रारूपातही दिसले.

हिशेबाचा ताळा १९७६ मध्ये पडला. मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांच्या दाबमापकांत, दक्षिण ध्रुवावर हिवाळा येताच दाब उतरत गेला, पुढे पुन्हा चढला, आणि वर्षभरातला हा फरक पाव हिश्श्याहून अधिक निघाला. पहिल्या व्हायकिंगने ही नोंद १९८२ च्या नोव्हेंबरपर्यंत चालू ठेवली.