सभिकाचा दहावा हिस्सा

अभ्यास असेल तर पैज जिंकता येते, हे मत हल्ली इतके रूढ झाले आहे की त्याविरुद्ध बोलणारा एक तर सोवळा ठरतो नाहीतर अडाणी. क्रिकेटपुरते होते तोवर निदान खेळ तरी ओळखीचा होता. आता मोबाइलवर अमेरिकेतला व्यावसायिक बेसबॉलही आला, आणि २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना क्रीडा-सट्ट्याची मोकळीक दिल्यापासून त्याचे नवशिक्यांसाठीचे धडेही गावोगाव पोचले. न्यूयॉर्कला संध्याकाळी सातला सुरू होणारी मॅच आपल्याकडे पहाटे साडेचारला असते. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर तेव्हा सगळे जागेच असतात.

बंदरावर या मताला एक जोडयुक्तिवाद मिळतो, आणि तो जास्त बळकट वाटतो. “दर्यात जाणं हाच केवढा जुगार! मग मॅचवर पाचशे लावले तर बिघडलं कुठं?” मला दोन्ही खोडायचे आहेत. पण शास्त्राचा दंडक असा की पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडावा.

बेसबॉलवाला म्हणतो: हा खेळ आकडेवारीसाठीच जन्माला आला आहे. तीस संघ, प्रत्येकी १६२ मॅच, म्हणजे एका हंगामात २४३० मॅच आणि प्रत्येक चेंडूची नोंद. बरोबरी नाही, नऊ डावांत निकाल लागला नाही तर लागेपर्यंत खेळायचे. सुरुवातीला चेंडू टाकणारा पिचर कोण हे आधी जाहीर होते आणि मॅचचा निम्मा रंग त्यावर ठरतो. पैजाही सोप्या: कोण जिंकेल, दीड धावेची सूट देऊन कोण जिंकेल, आणि दोघांच्या मिळून धावा अमुक आकड्याच्या वर जातील की खाली राहतील. पिचर, मैदान, वारा यांचा अभ्यास करा आणि पैसे लावा. यात नशीब कुठे आले?

शिवाय परंपरा त्याच्या बाजूची. महाभारताच्या वनपर्वातला नळ राजा फासे नीट जाणत नव्हता तेव्हा राज्य गमावून बसला. राजा ऋतुपर्णाकडून अक्षहृदय ही फाशांची विद्या शिकला आणि तेच राज्य भाऊ पुष्कर याच्याकडून जिंकून घेतले. न्यायालयेही त्याच बाजूची. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले होते. रमीत कौशल्याचा भाग मोठा आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये म्हटले, आणि घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असे १९९६ मध्ये. इतके सगळे एका बाजूला असताना माझ्यासारख्याने कशाला तोंड उघडावे?

उघडतो, कारण यांतले प्रत्येक विधान खरे असूनही निष्कर्ष खोटा आहे.

बेसबॉलचा भाव कसा लिहितात ते पाहा. जड संघावर १५० लावले तर १०० नफा. हलक्या संघावर १०० लावले तर १३० नफा. पहिला भाव सांगतो की जड संघ शंभरात साठ वेळा जिंकेल. दुसरा सांगतो की हलका संघ साडेत्रेचाळीस वेळा जिंकेल. बेरीज साडेएकशेतीन. पण शंभर मॅचमध्ये निकाल शंभरच लागतात. वरचे साडेतीन हे भाव लावणाराचे, आणि ते कोण जिंकले यावर अवलंबून नाहीत. धावांच्या पैजेत बहुधा दोन्हीकडे ११० लावून १०० मिळतात. तिथे नुसते बरोबरीत सुटायलाही शंभरात बावन्नच्या वर अंदाज बरोबर यावे लागतात. नवशिक्याच्या धड्यात पिचरची पाच पाने असतात आणि ही बेरीज कुठेतरी तळटीपेत असते.

आपल्या शास्त्रकारांनी ही बेरीज कधीच करून ठेवली होती. कौटिल्याचा द्यूताध्यक्ष जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घेतो, शिवाय फाशांचे भाडे, पाण्याचे आणि जागेचे पैसे वेगळे. याज्ञवल्क्यस्मृतीत जुगारघर चालवणारा सभिक मोठ्या डावावर शेकडा पाच आणि इतरांकडून शेकडा दहा घेतो. मनूला द्यूत मुळातच नको होते, याज्ञवल्क्याला ते राजाच्या देखरेखीखाली चालले तर हवे होते. हा वाद मोठा आहे आणि आपल्याच जिल्ह्यातल्या भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात ज्याला हवा त्याने तो वाचावा. माझ्या कामाची गोष्ट इतकीच की बंदी घालणारा असो की परवानगी देणारा, द्यूत हा खेळणाराच्या कमाईचा मार्ग आहे असे दोघांपैकी कोणीही म्हणत नाही. हिशेब मांडलेला आहे तो सभिकाच्या आणि राजाच्या वाट्याचा.

मटक्याचा हिशेबही हाच. अमेरिकेतल्या आकड्यावर पैसे लावायला महाराष्ट्र बेसबॉलपासून शिकला असे कोणी समजू नये. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होणारे भाव मुंबईला तारेने येत, आणि त्यांवर आकडा लागे. ते १९६१ मध्ये थांबले, तेव्हा १९६२ मध्ये कल्याणजी भगत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. एकेरी आकडे दहा, आणि लागला तर रुपयाला नऊ. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावणारा दहा देऊन नऊ घेऊन घरी येतो. याज्ञवल्क्याचा दहावा हिस्सा दीड हजार वर्षांनी वरळीच्या मटक्यात जसाच्या तसा सापडतो. आणि मटक्यातही अभ्यासू होतेच. जुन्या आकड्यांचे तक्ते करणारी, त्यांत साखळ्या शोधणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना आजचा ‘डेटा’ लावणारा अनोळखी वाटणार नाही. फरक एवढाच की मटक्याच्या तक्त्यात काही नव्हते, बेसबॉलच्या तक्त्यात खरोखर काहीतरी आहे. दुर्दैवाने ते सगळ्यांनाच दिसते.

अभ्यासाच्या मतातली खरी खोच इथे आहे. पिचरचा खांदा दुखतो आहे हे तुम्हाला कळले म्हणजे भाव लावणाराला ते तासाभरापूर्वी कळलेले असते. भावात ते उतरलेले असते. तुमचे ज्ञान खेळाशी लढत नाही, दुसऱ्याच्या ज्ञानाशी लढते, आणि वर दस्तुरी द्यायची ती तुम्हीच. तरीही काही थोडे जिंकतात, हे मी नाकारत नाही. पण सतत जिंकणाराची रक्कम बेटिंग कंपन्या कमी करतात, प्रसंगी खाते बंद करतात. अभ्यासाचे बक्षीस म्हणून दार बंद होणारा दुसरा धंदा मला माहीत नाही.

शिवाय अभ्यास आहे की नशीब, हे कळणार कसे? शंभरात चोपन्न वेळा बरोबर येणारा आणि पन्नास वेळा बरोबर येणारा यांच्यातला फरक भरवशाने दिसायला सहाशेच्या वर पैजा लागतात. उलट हजार माणसांनी नाणे उडवून अंदाज केला तरी त्यांतल्या एखाद्याचे दहाच्या दहा बरोबर येतात. गावात ज्याचे नाव होते तो बहुतेक हाच. त्यातून बेसबॉल हा मुळात लहरी खेळ. सिअ‍ॅटल मरिनर्सने २००१ मध्ये १६२ पैकी ११६ मॅच जिंकून विक्रमाची बरोबरी केली आणि त्या वर्षी ते वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेपर्यंतही पोचले नाहीत.

आता नळाकडे वळू. त्याची कथा पूर्वपक्षाच्या बाजूची आहे असे वाटते ते अर्धीच वाचल्यामुळे. ऋतुपर्णाने बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे नजरेने मोजून सांगितली, नळाने रथ थांबवून ती पडताळून पाहिली, आणि मग विद्या घेतली. इतपत अभ्यासाचा महिमा मान्य. पण परत गेल्यावर नळ किती वेळा खेळला? एकदा. समोर एकच माणूस, मध्ये सभिक नाही, दस्तुरी नाही, भाव आधी दुसऱ्या कोणी ठरवलेला नाही. आणि जिंकल्यावर तो उठला. नळासारखे खेळायचे असेल तर मोबाइल एकदाच उघडावा लागेल. पहिल्या वेळी नळाच्या अंगात कली होता आणि फाशांत द्वापर, हे तर मी सोडूनच देतो.

न्यायालयांचे निकालही बारकाईने वाचले तर त्यांच्यापुढचा प्रश्न निराळा होता. अमुक खेळात कौशल्याचा भाग मोठा की दैवाचा, म्हणजे तो गुन्हा ठरतो की नाही, एवढेच त्यांनी ठरवले. खेळणाराच्या हाती काय उरते हे त्यांना कोणी विचारले नव्हते. घोड्याची पैदास, जॉकीचे कसब, प्रशिक्षकाची मेहनत, सगळे कौशल्यच. तुमच्या तिकिटावर त्यातले कोणतेच नाही. १९५७ च्या चमारबागवाला खटल्यात, शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांवरून, सर्वोच्च न्यायालयाने जुगाराला व्यापार मानायलाच नकार दिला होता. तो निकाल मुंबईच्याच प्रकरणातला. अभ्यासवाले तो सहसा सांगत नाहीत.

माहितीच्या जवळ असण्याने काय होते याचा अलीकडचा दाखला म्हणजे इप्पेई मिझुहारा. बेसबॉलमधला आजचा सर्वांत मोठा खेळाडू शोहेई ओतानी याचा हा दुभाषी. अमेरिकेच्या तपास यंत्रणेच्या हिशेबाप्रमाणे त्याने डिसेंबर २०२१ ते जानेवारी २०२४ या काळात सुमारे १९,००० पैजा लावल्या. जिंकलेल्या पैजांची रक्कम १४ कोटी डॉलरच्या वर, हरलेल्यांची १८ कोटींच्या वर. बेसबॉलवर लावलेली पैज त्यांत सापडली नाही, हेही सांगितले पाहिजे. खेळाडूच्या खात्यातून जवळजवळ १ कोटी ७० लाख डॉलर चोरल्याबद्दल त्याला २०२५ मध्ये ५७ महिन्यांची शिक्षा झाली. खेळाच्या इतक्या जवळ वावरणारा माणूस, आणि तूट चार कोटींची. आणि खेळच विकला गेला तर अभ्यास कशाचा करणार? १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमुळे शिकागोच्या आठ खेळाडूंना कायमची बंदी झाली, हे बेसबॉलचे प्रत्येक पोर जाणते.

उरला दर्या. हा युक्तिवाद मला अभ्यासाच्या युक्तिवादापेक्षा जास्त आदराने घ्यावासा वाटतो, कारण तो करणाराने धोका पाहिलेला असतो. डिझेल, बर्फ, शिधा, खलाशांचा पगार हे सगळे आधी घालायचे आणि जाळ्यात काय येईल याचा भरवसा नाही. जून-जुलै बंदी. पर्ससीनवाल्यांना तर २०१६ च्या आदेशाने सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने. त्यात २००९ च्या नोव्हेंबरातल्या फयानसारखे वादळ. हा जुगार नाही तर काय?

नाही. जुगारात धोका मुद्दाम तयार केलेला असतो. मॅच तुमच्या पैजेशिवायही झालीच असती, बुडण्याची शक्यता तुम्ही विकत घेतली. दर्याचा धोका आधीच आहे, आणि तांडेलाची सगळी विद्या तो कमी करण्याची आहे: वारा फिरला की बोट फिरवायची, पाण्याचा रंग बघायचा, आज नको म्हणायचे. लावलेली पैज अशी बंदरात परत आणता येत नाही.

याहून मोठे कारण जेटीवर उभे राहिले की दिसते. मासळी उतरते, लिलाव सुरू होतो. बोली लावणारा ढिगातला एक बांगडा उचलतो, बोटाने कल्ला वर करून लाल आहे का पाहतो, मग आकडा बोलतो. दलाल टक्केवारी घेतो, ज्याने आगाऊ उचल दिली तो व्यापारी भाव दाबतो. मिरकरवाड्यात सगळा न्याय चालतो असे मी म्हणत नाही. पण ती टक्केवारी जाते बांगड्यातून, आणि काल संध्याकाळी तो बांगडा बंदरावर नव्हता. समुद्राने भर घातली, मग वाटण्या झाल्या. पैजेच्या थाळीत कोणीच काही वाढत नाही. सगळ्यांनी घरून आणलेलेच असते आणि सभिकाने आधी आपला घास उचललेला असतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई-कोलकात्यात पावसावर सट्टा लागे. पाऊस तोच, ज्यावर कोकणातली भातशेती उभी. शेतकऱ्याचा अंदाज चुकला तर त्याचे नुकसान, बरोबर आला तर गावाला भात. सट्टेवाल्याचा अंदाज बरोबर आला तर दुसऱ्या सट्टेवाल्याचे नुकसान, याउपर काही नाही. या दोघांना एकाच नावाने हाक मारणे हा शेतकऱ्याचा अपमान आहे, आणि मच्छीमाराचाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात कौशल्य की दैव हा भेदच ठेवला नाही, आणि शिक्षा चालवणाराला आणि जाहिरात करणाराला आहे, खेळणाराला नाही. बंदीने सट्टा संपेल असे मला वाटत नाही. मटका कुठे संपला होता? पण शंभर वर्षांचा चुकीचा प्रश्न या कायद्याने बाजूला ठेवला, हे मान्य करायला हवे.

ज्याला बेसबॉल आवडतो त्याने तो जरूर पाहावा. आणि जो कोणी अभ्यासाने जिंकतो असे सांगत येईल, त्याला तारखेनिशी मांडलेली वही मागावी: लागोपाठच्या सहाशे पैजा, हरलेल्या धरून, दस्तुरी वजा करून. वही नसेल तर त्याच्या सांगण्यावर एक रुपयाही लावू नये.