रघु दीक्षित : नाशिकचा जन्म, कन्नड गाणं

रघु दीक्षित (पूर्ण नाव रघुपती द्वारकानाथ दीक्षित) हे लोकसंगीत आणि रॉक यांची सांगड घालणारे कर्नाटकातले गायक, गीतकार आणि संगीतकार. जन्म ११ नोव्हेंबर १९७४, नाशिक. नाशिकचा जन्म आणि आडनाव दीक्षित, म्हणजे माणूस मराठीच, असा अंदाज कुणीही बांधेल. पण घर तमिळ, बालपण म्हैसूरचं आणि नाव झालं ते कन्नड गाण्यांनी.

म्हैसूर विद्यापीठातून त्यांनी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं, तेही सुवर्णपदक मिळवून. भरतनाट्यमचं रीतसर शिक्षण घेतलं. गिटार मात्र हाती आली ती कॉलेजात लागलेल्या पैजेमुळे. नाचणाऱ्या मुलाची टिंगल झाली, ‘गिटार वाजवून दाखव’ असं आव्हान मिळालं आणि ते त्यांनी घेतलं. पुढे औषध कंपनीतल्या नोकरीसाठी ते बेल्जियमला गेले. तिथे रेडिओवर गायची संधी मिळाली आणि नोकरी सोडून ते गाण्याकडे वळले.

१९९८ च्या सुमारास त्यांनी ‘अंतराग्नी’ हा बँड उभा केला. पहिला अल्बम बाहेर यायला जवळपास दहा वर्षं लागली. शेवटी विशाल-शेखर या संगीतकार जोडीने तो आपल्या लेबलतर्फे काढला. त्यात हिंदी गाणी आहेतच, पण अल्बमचा कणा म्हणावा तो शिशुनाळ शरीफ यांच्या कन्नड रचनांचा.

शरीफ (१८१९-१८८९) आजच्या हावेरी जिल्ह्यातले. जन्माने मुस्लिम, गुरू गोविंद भट्ट ब्राह्मण. आपल्या भागातल्या वाचकांना हे नवं वाटू नये. हुमनाबादजवळच्या माणिकनगरचे माणिकप्रभू (१८१७-१८६५) त्यांचेच समकालीन. प्रभूंची पदं मराठीत आहेत, कन्नडमध्ये आहेत आणि हिंदीतही आहेत. हुलसूर, बसवकल्याणकडच्या भजनी मंडळींना तत्त्वपद म्हणजे काय, हे वेगळं सांगायची गरज नाही. सी. अश्वथ यांनी शरीफांची पदं कॅसेटवरून कन्नड घराघरांत नेली होती. टी. एस. नागाभरण यांचा शरीफांवरचा सिनेमा १९९० मध्ये आला, त्याचं संगीतही अश्वथ यांचंच. दीक्षितांनी त्याच शब्दांना गिटार, बास आणि ड्रम्सची जोड दिली. ‘गुडुगुडिया सेदी नोडो’ हे पद हुक्क्याच्या रूपकातून वासना-विकारांबद्दल बोलतं. रॉकच्या ठेक्यावर ते शोभेल असं आधी कुणाला वाटलं नसतं.

रंगीत लुंगी आणि पायात घुंगरू, याच वेशात ते परदेशातल्या मंचावरही उभे राहिले. २०१० मध्ये बीबीसीवरच्या जूल्स हॉलंड यांच्या कार्यक्रमात त्यांचं गाणं झालं आणि अल्बम ब्रिटनच्या आयट्यून्सवर जागतिक संगीताच्या यादीत वर चढला. २०११ मध्ये ग्लास्टनबरी महोत्सव आणि ‘साँगलाइन्स’ मासिकाचा नवोदित कलाकाराचा पुरस्कार. ऐकणाऱ्या बहुतेकांना कन्नडचा गंध नव्हता, तरी दीक्षितांनी शब्द बदलले नाहीत.

सिनेमातली सुरुवात ‘सायको’ (२००८) या कन्नड चित्रपटापासून; त्यातलं महादेश्वराचं गाणं खूप गाजलं. नंतर ‘जस्ट मात मातल्ली’, हिंदीत ‘मुझसे फ्रेंडशिप करोगे’ आणि ‘बेवकूफियाँ’. दुसरा अल्बम ‘जग चंगा’ २०१३ चा.

ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘मी टू’ मोहिमेत गायिका चिन्मयी श्रीपदा यांनी एका महिलेचा गैरवर्तनाचा आरोप समोर आणला. दीक्षितांनी त्यातले काही तपशील नाकारले, पण जाहीर माफी मागितली. त्यानंतरही त्यांचं काम चालू राहिलं. २०२० च्या ‘लव्ह मॉकटेल’ या कन्नड चित्रपटाचं संगीत त्यांचंच.