हुसेन खानचे आणे

हिवतापाच्या इतिहासात रोनाल्ड रॉस यांचे नाव सर्वांनाच ठाऊक असते. पण हुसेन खान कोण, असे विचारले तर आपल्यापैकी किती जण सांगू शकतील? १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादेत रॉस यांनी या हिवतापाच्या रुग्णाला डास चावू दिले आणि डासामागे त्याला एक आणा दिला. २० ऑगस्टला त्यांपैकी एका डासाच्या जठरात त्यांना परजीवीची खूण सापडली. पुढे कलकत्त्यात महंमद बक्ष नावाचा मदतनीस गटारे धुंडाळून त्यांच्यासाठी डास आणीत असे. १९०२ चे नोबेल पारितोषिक रॉस यांना मिळाले. त्यात वावगे काही नाही, परंतु त्या रक्ताची आणि त्या पायपिटीचीही नोंद आपण ठेवावयास हवी.

रोग डासामुळे पसरतो हे कळले, तरी डास आवरेनात. डी.डी.टी. हाती आल्यावर मात्र माणसाला धीर आला. १९५५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हिवताप जगातून नाहीसा करण्याचा विडा उचलला. आफ्रिकेचा बहुतेक भाग मात्र त्यातून वगळला. आपल्याकडे १९५३ साली वर्षाकाठी सुमारे साडेसात कोटी लोक आजारी पडत, ते १९६५ पर्यंत एक लाखावर आले. कामगार पंधरवड्याला दारोदार जाऊन तापकऱ्यांच्या रक्ताचे नमुने घेत. श्रीलंकेने तर कमालच केली: १९६३ मध्ये अवघे १७ रुग्ण!

आणि इथेच घात झाला. रोग संपलाच, अशा समजुतीने फवारणी थांबली, पैसा आटला. १९६८-६९ मध्ये त्याच श्रीलंकेत पाच लाखांहून अधिक लोक तापाने फणफणले. १९७६ मध्ये आपल्याकडे चौसष्ट लाख रुग्ण नोंदले गेले. डासही डी.डी.टी.ला निर्ढावले होते. १९६९ मध्येच संघटनेने निर्मूलनाचा हट्ट सोडून नियंत्रणाची वाट धरली होती. श्रीलंकेने मात्र चिकाटी सोडली नाही; २०१६ मध्ये तिला हिवतापमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.

२०२३ मध्ये जगात सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे या रोगाने दगावली. त्यांतील बहुसंख्य आफ्रिकेतील लहान मुले होती, म्हणजे १९५५ मध्ये जी भूमी वगळली तिथलीच. पुण्यात तयार होणारी आर-२१ लस जुलै २०२४ पासून आयव्हरी कोस्टमधील बालकांना टोचली जाऊ लागली आहे.