रात्रीचा परवाना : इंग्लंडमधील मद्यगृहे आणि स्थानिक सत्ता

इंग्लंडमधील मद्यगृहांच्या परवान्यांचा इतिहास सामान्यतः मद्यनियंत्रणाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. तथापि उत्तररात्रीपर्यंत चालणाऱ्या गायनवादनाचा प्रश्न त्यात पुरतेपणी सामावत नाही. मद्याचा आणि संगीताचा परवाना हे तेथे दीर्घकाळ भिन्न विषय होते. ते एकाच हाती कसे आले हे पाहिले असता, शेजाऱ्याची झोप आणि मद्यगृहचालकाचा धंदा यांत निवाडा कोणी करावा, हा मूळ वाद स्पष्ट होतो.

१५५२ च्या कायद्याने गुत्त्यांना परवाना देण्याचा अधिकार ‘जस्टिस ऑफ द पीस’ या न्यायाधिकाऱ्यांकडे सोपविला. निषिद्ध खेळ होऊ न देण्याबद्दल व सुव्यवस्था राखण्याबद्दल चालकाकडून जातमुचलका घेतला जाई. १८३० मध्ये दोन गिनींच्या मोबदल्यात कोणाही करदात्यास अबकारी खात्याकडून बिअरविक्रीचा परवाना मिळू लागला. परंतु १८६९ मध्ये हे नियंत्रण पुन्हा न्यायाधिकाऱ्यांकडे गेले.

संगीत व नृत्य यांची वाट निराळी होती. १७५१ च्या कायद्याने लंडन, वेस्टमिन्स्टर व भोवतालच्या वीस मैलांच्या टापूत त्यांसाठी स्वतंत्र परवाना आवश्यक ठरविला. तोही प्रथम न्यायाधिकारीच देत. १८८९ मध्ये मात्र राजधानीत तो अधिकार नव्या लंडन काउंटी कौन्सिलकडे, म्हणजे लोकनियुक्त संस्थेकडे, आला. १९८२ च्या कायद्याने लंडनबाहेर सार्वजनिक मनोरंजनाचे परवाने जिल्हा कौन्सिलांकडे सोपविले. अशा रीतीने एकाच मद्यगृहातील पेल्यावर न्यायासनाची, तर वाद्यवृंदावर कौन्सिलाची सत्ता चाले. दोनपर्यंत वादक असल्यास मनोरंजनाच्या परवान्यातून सूट देणारी १९६४ च्या कायद्यातील तरतूद ही या दुहेरी व्यवस्थेतील एक पळवाटच होती.

इंग्लंड व वेल्ससाठी झालेल्या २००३ च्या परवाना कायद्याने हे द्वैत संपविले. नोव्हेंबर २००५ पासून दोन्ही अधिकार कौन्सिलाच्या परवाना समितीकडे आले. गुन्हे व बेशिस्त यांचा प्रतिबंध, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रवाचा प्रतिबंध आणि मुलांचे संरक्षण ही चार उद्दिष्टे निर्णयाची कसोटी ठरली. दोन वादकांची सूट रद्द झाली. तिच्या लोपाविरुद्ध झालेल्या तक्रारींनंतर २०१२ च्या कायद्याने लहान मद्यगृहांतील संगीत सकाळी ८ ते रात्री ११ पर्यंत बव्हंशी मोकळे केले. परिणामी कौन्सिलाचा खरा अधिकार रात्री अकरानंतरच्या प्रहरात एकवटला.

याच कायद्यातील ‘तात्पुरत्या कार्यक्रमाची सूचना’ ही तरतूद तत्त्वतः विशेष महत्त्वाची आहे. पाचशेहून कमी माणसांच्या एखाद्या रात्रीपुरत्या कार्यक्रमासाठी चालकाने परवानगी मागावयाची नसून किमान दहा कामकाजाचे दिवस आधी केवळ सूचना द्यावयाची, अशी ही योजना होती. विहित मर्यादा पाळल्यास व कोणी अधिकृत हरकत न घेतल्यास कौन्सिलास कार्यक्रम थांबविता येत नसे. हरकतीचा हक्क प्रथम केवळ पोलिसांस, तोही गुन्हेप्रतिबंधाच्याच कारणास्तव होता. २०१२ पासून पर्यावरण-आरोग्य अधिकाऱ्यांसही तो मिळाला. ज्याच्या भिंतीपलीकडे गाणे चालावयाचे, त्या शेजाऱ्यास मात्र थेट हरकतीचा हक्क दिला गेला नाही. कायम परवान्याच्या सुनावणीत त्याचे म्हणणे ऐकले जाते. एका रात्रीच्या बाबतीत त्याला अधिकाऱ्याचे दार ठोठवावे लागते.

न्यायासन यातून सर्वस्वी बाजूला झाले नाही, कारण समितीच्या निर्णयावरील अपील मॅजिस्ट्रेटच्या न्यायालयातच जाते. वेस्टमिन्स्टरमधील एका मद्यगृहाच्या प्रकरणात २०११ मध्ये अपील न्यायालयाने असे ठरविले की, कौन्सिलाचा निर्णय चुकीचा असल्याचे दाखविण्याचा भार अपीलकर्त्यावर राहील व कौन्सिलाने दिलेल्या कारणांना योग्य वजन द्यावे लागेल. साडेचार शतके स्वतः परवाने देणाऱ्या न्यायासनाने येथे लोकनियुक्त समितीचा स्थानिक विवेक मान्य केला. तथापि हा विवेक जितका शेजाऱ्यांच्या जवळचा, तितकाच त्यांच्या मतांवर अवलंबून असतो. न्यायाधिकाऱ्यास मते मागावयाची नसत. नगरसेवकास ती मागावी लागतात. २००३ च्या सत्तांतराचे मूल्यमापन करताना या लाभहानीचा एकत्र विचार करणे प्राप्त आहे.